सत्तावीस ओळी हलेनात

या जगात काहीच नाहीसं होत नाही. माणूस जातो, त्याचा देह जातो, पण त्याचा राग मागे राहतो. तो भिंतींत मुरतो, वस्तूंत उतरतो आणि आपली वेळ येईपर्यंत शांत बसून राहतो. मोठमोठ्या विचारवंतांनी अख्खा जन्म घालवून काढलेला हा निष्कर्ष आहे.

अपवाद फक्त ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्याचा. तो नाहीसा होतो.

पुढची घटना खरी आहे.

शपथ घेत नाही, कारण खोटं बोलणारेच आधी शपथ घेतात. हे जिच्या बाबतीत घडलं ती आमची सख्खी भाची, आणि तिला गोष्टी रचता येत नाहीत. लहानपणी शाळा बुडवली की दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगायची, "पोट दुखत नव्हतं, कंटाळा आला होता." आयुष्यात ती एकदाच खोटं वागली. तेही न बोलता. त्याचीच ही गोष्ट.

भयकथा रात्रीची असावी असा संकेत आहे. ही शनिवारी दुपारी पावणेतीनला सुरू झाली. त्याला इलाज नाही. रात्री घाबरलेला माणूस निदान सकाळची वाट तरी पाहू शकतो.

दुपारी घाबरलेल्याने कशाची वाट पाहायची?

भाची कर्नेलवर काम करते. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. बाकीचे सगळे प्रोग्राम भाडेकरू. कोणाला किती जागा द्यायची, कोणाला आवरायचं आणि कोणाला हाकलायचं, ते हा ठरवतो. तिच्या कंपनीची सिस्टिम हॉस्पिटलांत चालते. खाटेशेजारी जो पडदा असतो, ज्यावर नाडी, श्वास, रक्तदाब असे आकडे हलत असतात, त्याच्या पोटात.

जागा म्हणजे मेमरी. ती संपत आली की मशीन गोठतं. म्हणून तिच्यावर लक्ष ठेवणारा कोड असतो. कंपनीकडे असे दोन होते. एक नवा, तो मुकाट्याने काम करतो, जास्त जागा खाणाऱ्याला मागे ओढतो आणि कुणाला काही सांगत नाही. आणि एक जुना, तो ओरडतो. जागा कमी झाली की टूं, टूं, टूं असे तीन आवाज. मग नर्स धावत येते.

जुना मास्तरांनी लिहिला होता.

मास्तर म्हणजे भाचीचे वरिष्ठ. शिक्षक ते कधीच नव्हते. पण कुणी वाईट कोड लिहिला की तो भर खोलीत मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणून मास्तर. "हे हाताने लिहिलंय की पायाने? पायाने असेल तर चांगलंय." अशी त्यांची स्तुती. काही आवडलं नाही की बॅकस्पेसचं बटण एकदाच मारायचे, पण असं की शेजारच्या टेबलावरचं पाणी हलावं. दर वर्षी त्यांना नवा कीबोर्ड लागायचा.

ओळ वाचून ती कुणाच्या हातची आहे, हे ते सांगायचे. एकदाही चुकले नाहीत.

त्या शनिवारी मास्तरांना जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती.

आणि भाची रागाने पेटलेली होती.

कारण होतं साहेबांचं पत्र. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. सगळी पत्रं ते फोनवर अंगठ्याने लिहितात आणि विचारही त्याच अवयवाने करतात. पत्रात होतं : 'जुना मेमरीवाला कोड नव्यात गुंतलाय. तो सगळा उचलून वेगळ्या फाइलमध्ये काढ, म्हणजे ज्यांना नको त्यांना तो वगळता येईल. आज पाचपर्यंत हवं. सोमवारी हॉस्पिटलला अहवाल जातोय. सदोष कोड आणि तो लिहिणाऱ्याची चूक, दोन्ही वेगळे काढले, असं कळवतोय. विषय कायमचा बंद.'

लिहिणाऱ्याची चूक.

भाचीने ते चार वेळा वाचलं. मग ज्या पेल्यातून पाणी पीत होती तो टेबलावर असा आपटला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. खालच्या मजल्यावर कुत्रा पाळणाऱ्यांचं ऑफिस होतं. भुतांचा संबंध नाही.

खोलीत ती एकटीच होती. सहा टेबलं, पाच खुर्च्या. कोपऱ्यात चाचणीचं मशीन, त्याला वायरने जोडलेला मुठीएवढा स्पीकर. खिडकीजवळचं टेबल मास्तरांचं. तीन वर्षं तिथे कुणी बसलं नव्हतं. त्यावर काहीच नव्हतं. फक्त जिथे कीबोर्ड असायचा तिथे धुळीत एक लांबट स्वच्छ चौकोन होता.

तो चौकोन तीन वर्षांत धुळीने भरायला हवा होता, हे तिच्या नंतर लक्षात आलं...

काम तसं हमालीचं. सात हजार ओळींची फाइल. त्यातल्या जुन्याच्या ओळी निवडायच्या, उचलायच्या, नव्या फाइलमध्ये ठेवायच्या. या धंद्यात त्याचा एक कडक नियम आहे : हलवताना फक्त हलवायचं. वाटेत काही सुधारायचं नाही, पुसायचं नाही, एक स्वल्पविरामसुद्धा सरळ करायचा नाही. जितक्या ओळी इथून गेल्या तितक्याच तिथे पोचल्या पाहिजेत. नाहीतर हलवाहलवीच्या गर्दीत कोण काय लपवून नेईल सांगता येत नाही.

तिने मोजल्या. जुन्याच्या ओळी एक हजार नऊशे अडतीस.

तिने सगळ्या उचलल्या. ठेवल्या. आकडे पाहिले.

गेल्या : एक हजार नऊशे अकरा.

आल्या : एक हजार नऊशे अकरा.

सत्तावीस ओळी जागच्या जागी होत्या.

राहिल्या असतील, असं ती म्हणाली. तिने त्या सत्तावीस उचलल्या, नव्या फाइलमध्ये ठेवल्या, डोळ्यांनी पाहिल्या. फाइल बंद केली. उघडली.

नव्या फाइलमध्ये नाहीत.

जुन्या फाइलमध्ये... तिथेच.

तिसऱ्यांदा केलं. बोट बटणावर ठेवून, पापणी न हलवता. चौथ्यांदा केलं.

आणि मग तिने त्या ओळी पहिल्यांदाच नीट वाचल्या. तोवर ती त्या पोत्यासारख्या उचलत होती.

तिने बटणावरचं बोट काढून घेतलं.

कारण तिला त्या पाठ होत्या.

त्या सत्तावीस ओळींचं काम एकच होतं. जुना कोड ओरडायला लागला की त्याचं तोंड दाबायचं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण भाचीही मनाने तिथेच गेली होती. सव्वातीन वर्षांपूर्वी. काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मास्तर दोन दिवस रजेवर होते. साहेब भाचीच्या टेबलाशी येऊन म्हणाले होते, "उद्या हॉस्पिटलचे लोक बघायला येतायत. त्यांच्यासमोर हे टूं टूं नको. एक दिवस गप्प कर त्याला."

"मास्तरांना विचारते."

"त्यांना कशाला त्रास? एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

तिचं मशीन त्या दिवशी रखडत होतं. मास्तरांचं वेगवान होतं. ती त्यांच्या खुर्चीत बसली, सत्तावीस ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. ओळीवर कुणाचं नाव लागतं? खुर्चीत बसलेल्याचं नाही. त्या मशीनमध्ये ज्याचं नाव भरून ठेवलंय त्याचं.

दुसऱ्या दिवशी तिला ते दिसलं. सत्तावीस ओळी, सत्तावीसदा मास्तरांचं नाव. ती म्हणाली, उद्या काढायच्याच आहेत, ओळींबरोबर नावही जाईल.

पाहुण्यांना सिस्टिम आवडली. इतकी आवडली की होती तशीच उचलून नेली.

तीन महिन्यांनी एका वॉर्डात मेमरी संपत आली. जुना कोड ओरडायला गेला. त्याचं तोंड दाबलेलं. अकरा खाटांचे पडदे गोठले. काळे पडले असते तर कुणी धावलं असतं. ते गोठले, शेवटचे आकडे दाखवत. छान आकडे होते. चाळीस मिनिटं सगळे छान होते.

अकरापैकी दहा जण घरी गेले.

चौकशी झाली. साहेबांनी पडद्यावर सत्तावीस ओळी दाखवल्या आणि नावावर बोट ठेवलं.

मास्तर म्हणाले, "या ओळी माझ्या नाहीत."

"नाव तुमचंच आहे."

"नाव असेल. हात माझा नाही."

मग त्यांनी टेबलाभोवतीच्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. भाचीवर नजर थांबली. ओळ वाचून हात ओळखणारा माणूस! त्यांना कळलं होतं. पण ते बोलले नाहीत. ते थांबले. ती बोलेल म्हणून थांबले.

भाची टेबलावरच्या एका ओरखड्याकडे पाहत होती. तो ओरखडा तिला आजही काढून दाखवता येईल.

मास्तरांनी राजीनामा दिला. हॉस्पिटलांत जुना कोड बंद ठेवून नव्यावर काम भागवलं, पण फाइलमध्ये त्या ओळी तशाच पडून राहिल्या. आठ महिन्यांनी घरीच गेले. कागदावर हृदय असं कारण आहे.

तेव्हापासून भाची रागावलेली असते. साहेबांवर, सिस्टिमवर, लिफ्टवर, आमच्यावर. एवढा राग बाळगला की ज्याच्यावर यायला हवा त्याच्याकडे पाहायला वेळ मिळत नाही. ही सोय तिला चांगली जमली होती.

तर, शनिवार. सव्वातीन.

तिने शेजारच्या खोलीतून टेस्टिंगवाल्याला बोलावलं. दोन मुलांचा बाप. घरी झोप होत नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी ऑफिसात येऊन झोपतो. हा या घटनेचा दुसरा साक्षीदार.

"अरे, ह्या ओळी उचलून त्या फाइलमध्ये टाक."

"ताई, एवढ्यासाठी उठवलंस? उद्या पेनाचं टोपण लावायला बोलावशील."

"टाक तू."

त्याने टाकल्या. पाहिलं. पुन्हा टाकल्या. पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावरची झोप उतरली.

"मशीन बंद करून चालू केलंस?"

"दोनदा."

"मग आता आपण दोघं बंद होऊन चालू होऊया."

तो हसला. ती हसली नाही. तेवढ्यात...

खट्ट.

एकच आवाज. दणकून मारलेल्या एका बटणाचा.

दोघांचेही हात कीबोर्डवर नव्हते.

आवाज खिडकीकडून आला होता. रिकाम्या टेबलावरून. जिथे कीबोर्ड नाही तिथून.

भाचीच्या पेल्यातलं पाणी हलत होतं...

टेस्टिंगवाला हळूच म्हणाला, "ताई, हा आवाज मला माहितीये."

"मलाही."

"माझ्या पहिल्या कोडला मिळाला होता."

मग चाचणीच्या मशीनकडे जाण्याची कल्पना भाचीची. जुना कोड पूर्ण वगळून नवी सिस्टिम बांधायची आणि चालवून पाहायची. जो कोड आतच नाही तो काय करणार? तिने बांधली. मशीन सुरू केलं. त्यात पाहायची एक जागा होती. जुन्या कोडमध्ये कुठल्याही प्रोग्रामला नाव नोंदवता यायचं, 'जागा कमी झाली की मला हाक मार' म्हणून. अशा ऐकणाऱ्यांची एक यादी असायची. जुना कोड नाही म्हणजे यादीच नको.

यादी होती.

ऐकणारे : एक.

टेस्टिंगवाल्याने मशीनवरचे सगळे प्रोग्राम एकेक करून मारले. आता ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

ऐकणारे : एक.

कोण ऐकतंय, ते पाहिलं. तिथे प्रोग्रामचा क्रमांक असतो.

त्या क्रमांकाचा प्रोग्राम मशीनवर नव्हता...

टूं.

दोघंही दचकले.

टूं. टूं.

भाची स्पीकरपाशी गेली. त्याची वायर मशीनमध्ये नव्हती. सुटून खाली लोंबत होती. तिने वायर हातात धरली आणि स्पीकर तिच्या दुसऱ्या हातात ओरडला.

टूं. टूं. टूं.

"मी खाली जाऊन येतो," टेस्टिंगवाला म्हणाला.

"पळतोयस?"

"पळत नाहीये. घाईघाईने चालतोय."

पण तो गेला नाही. दारात उभा राहिला. तेवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

मग भाचीने जे करायला नको होतं ते केलं.

हलत नाहीत ना? ठीक आहे. तिने त्या सत्तावीस ओळी निवडल्या आणि पुसून टाकल्या. हलवाहलवीच्या गर्दीत. कुणाला कळलं असतं? सोमवारी विषय बंदच होणार होता.

खोलीतला प्रत्येक आवाज थांबला.

स्पीकर थांबला. चाचणीच्या मशीनचा पंखा थांबला. एसी थांबला. खालचा कुत्रा थांबला. भाची सांगते, आपण श्वास घेतोय हे तिला छाती हलताना दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

आणि मग...

खट्ट. खट्ट. खट्ट. खट्ट.

मास्तर बटण एकदाच मारायचे. हे थांबेना. रिकाम्या टेबलावर कुणीतरी मुठीने मारावं तसं. धुळीतल्या त्या चौकोनाच्या कडेची धूळ उडताना दिसत होती. टेस्टिंगवाल्याने दाराची चौकट धरली. हा घाबरवण्याचा आवाज नव्हता. शुद्ध संताप होता. तीन वर्षं आवरून धरलेला, आणि आता 'पुन्हा? पुन्हा तेच?' म्हणणारा.

सत्तावीस ओळी परत आल्या. तिच्या डोळ्यांसमोर, एकेक.

सत्तावीस खट्ट. सत्तावीस ओळी.

मग शांतता.

भाचीने, ओळ कुणाची हे विचारणारी आज्ञा दिली. त्यात प्रत्येक ओळीच्या डावीकडे लिहिणाऱ्याचं नाव येतं. तो रकाना रिकामा राहूच शकत नाही. ओळ आहे म्हणजे ती कुणीतरी लिहिलेली आहे.

वरच्या ओळींवर लिहिणाऱ्याचं नाव होतं. खालच्या ओळींवर लिहिणाऱ्याचं नाव होतं.

त्या सत्तावीस ओळींसमोर...

काहीच नव्हतं.

सत्तावीस कोऱ्या जागा. एखाद्या अर्जावर सहीसाठी सोडतात तशा.

टेस्टिंगवाल्याने फोन काढून फोटो घेतला. पुरावा म्हणून तो फोटो आम्हीही पाहिलाय. त्यात ओळी स्वच्छ दिसतात. रकाना दिसत नाही, कारण तिथे त्याचा अंगठा आलाय.

साडेचारला साहेब आले. बॅडमिंटन खेळून, रॅकेट काखेत, मानेला टॉवेल.

"झालं का? पाच वाजत आले. ए, दार धरून काय उभा आहेस? पडतंय का ते?"



भाची म्हणाली, "सर, सत्तावीस ओळी हलत नाहीयेत."

"म्हणजे?"

"मास्तरांचा कोड मास्तरांच्या फाइलमध्ये गेला. या ओळी त्यांच्या नाहीत. म्हणून जात नाहीत."

साहेबांनी टॉवेलने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

"हे बघ, तू दमलीयेस. जाग्यावर राहू देत. नाहीतर पुसून टाक."

"पुसल्या. परत आल्या."

"मग असू देत की! कोण बघतंय?"

टूं.

"तो आवाज बंद कर आधी."

भाचीने हातातला स्पीकर त्यांच्यापुढे धरला. वायरचं मोकळं टोक हलत होतं.

"तुम्ही करा, सर. मागच्या वेळी तुम्हीच करायला सांगितला होता."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस. चेहरा पांढरा पडला तरी जीभ कामावर हजर होती.

"पुरावा आहे का तुझ्याकडे? मी कुठे लिहून दिलं होतं? ओळी तू लिहिल्यास. नाव तुझं लागलं तर तुझी नोकरी जाईल, माझी नाही. आणि आता उकरून काय मिळणार? माणूस गेलाय."

"माणूस कुठे गेलाय?" भाची किंचाळली. "इथेच बसलाय! तीन वर्षं इथेच बसलाय! तुम्हाला ऐकू येतंय ना? मग माणूस कुठे गेलाय?"

खट्ट.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग रॅकेट टेबलावर विसरून ते जिन्याने खाली गेले. लिफ्ट उभी होती, तरी जिन्याने.

भाची बसली.

राग होताच. पण आता पहिल्यांदा तो योग्य पत्त्यावर पोचला होता, आणि तो पत्ता तिचाच होता. ती सांगते, भूत परवडलं.

तिने दोन पॅच केले. पॅच म्हणजे केलेल्या बदलांचं पुडकं. त्यावर काय केलं आणि का केलं, हे स्वतःच्या नावाने लिहायचं असतं, आणि ते सगळ्यांना जातं. पहिल्यात तिने लिहिलं :

'या सत्तावीस ओळी मी लिहिल्या. मास्तरांच्या मशीनवर, ते रजेवर असताना. विभागप्रमुखांच्या तोंडी सांगण्यावरून. यांनी इशारा दाबला म्हणून पडदे गोठले. मास्तरांचा कोड बरोबर होता. चौकशीत मी गप्प बसले. ओळी काढून टाकत आहे.'

प्रत हॉस्पिटलला. प्रत अकराव्या माणसाच्या मुलीला. ती दर वर्षी एक पत्र पाठवून विचारायची, नक्की काय झालं ते सांगा.

पाठवा, या बटणावर बोट ठेवलं आणि थांबली. तीन मिनिटं थांबली, असं टेस्टिंगवाला सांगतो. तो दारातून काही बोलला नाही. खोलीतही काही वाजलं नाही. सगळे जण थांबले होते. जसं एकदा त्या चौकशीत कुणी थांबलं होतं.

तिने बटण दाबलं.

ओळी गेल्या. परत आल्या नाहीत.

दुसरा पॅच. गेल्या : एक हजार नऊशे अकरा. आल्या : एक हजार नऊशे अकरा. जुन्या फाइलमध्ये जुन्या कोडचं काही उरलं नाही.

चार बावन्न.

आता आत्म्याला शांती मिळाली असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. मास्तरांना ओळखणाऱ्या कुणालाही तसं वाटणार नाही. जाताना भाचीने चाचणीच्या मशीनवर नजर टाकली. जुना कोड नाही, प्रोग्राम नाहीत, स्पीकर तिच्या पिशवीत.

ऐकणारे : एक.

रविवारी सकाळी ती काकूंकडे गेली. दर महिन्याला जायचीच. बसायची, चहा प्यायची, निघायची. या वेळी बसली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

काकू ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी तिच्या हातातला कप काढून घेतला.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं इथे येऊन माझ्या हातचा चहा प्यायलीस?"

"हो."

"साखर कमी म्हणून परत मागितलीस एकदा."

"हो, काकू."

"रोज म्हणायचे, त्या ओळी माझ्या नाहीत. जेवताना म्हणायचे, झोपेत म्हणायचे. आणि मी म्हणायची, बरं नसतील, जेवा आता." काकूंचा आवाज चढत गेला. "मी म्हणायची! माझासुद्धा विश्वास नव्हता गं! नाव होतं ना तिथे! मलासुद्धा तू त्यांच्याशी खोटं वागायला लावलंस! निर्लज्ज! आणि वर दर महिन्याला येऊन विचारायचीस, काकू, तब्येत कशी आहे! तोंड वर करून!"

भाची उभीच होती. या वेळी पाहायला ओरखडाही नव्हता.

काकूंनी विचारलं, "त्यांना कळलं होतं? तू आहेस ते?"

"हो."

"तरी बोलले नाहीत."

"मी बोलेन म्हणून थांबले."

काकूंनी हातातला कप खिडकीत ठेवला. "आता थांबलं का ते?"

"आवाज थांबला. पण अजून कुणीतरी ऐकतंय. मशीन बंद करून पाहिलं तरी आकडा तोच. काल पाठवलं ते पुरेसं नाही की काय, मला कळत नाही. का ऐकतायत?"

"मला काय विचारतेस?" काकू फणकारल्या. "मी माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मीही त्यांच्यासारखीच आहे. माझा राग जायचा नाही."

"हो, काकू."

काकू आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. भाची दाराकडे वळली, चपलांत पाय सरकवला. तेवढ्यात काकू बाहेर आल्या आणि एक काचेची बरणी तिच्या पोटात ढोसली.

"जायच्या आधी हे झाकण तेवढं उघडून दे. आठ दिवस झाले, निघत नाहीये."